मोपा ते पणजी, आणि परत खाली गाडी: टॅक्सी ॲपच्या धंद्याचा हिशेब

गोव्यात टॅक्सीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक पर्यटकाचं: 'तुमच्याकडे ओला-उबर का नाही?' दुसरं स्टँडवरचं: 'ॲप आलं की आमच्या पोटावर पाय.' दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण टॅक्सी ॲपच्या कंपन्यांवर जगभर टीका होते ती नेमकी कशावरून, हे त्यातून कळत नाही. ते कळायला एका फेरीचे पैसे मोजून बघावे लागतात.

आधी कंपनी करते काय ते पाहू. गाडी चालकाची, गाडीचं कर्ज चालकाचं, विमा, परमिट, पासिंग, टायर, पेट्रोल सगळं त्याचंच. कंपनीकडे एकही गाडी नसली तरी चालतं. तिच्याकडे चार गोष्टी असतात: गिऱ्हाईक, दर ठरवण्याचा अधिकार, कोणती फेरी कोणाला द्यायची हा निर्णय, आणि चालकाचा आयडी चालू-बंद करण्याचं बटण. कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो, चालक हा स्वतंत्र धंदेवाईक आहे. आता स्वतंत्र धंदेवाईक म्हणजे स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगणारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी बाईसुद्धा भाव स्वतः सांगते. ॲपवरच्या चालकाला ती मुभा नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरविरुद्ध निकाल दिला तो याच मुद्द्यावर. भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, फेऱ्या नाकारल्या तर चालकाला शिक्षा होते, रेटिंगच्या जोरावर त्याच्या कामावर ताबा ठेवला जातो, आणि प्रवासी व चालक यांचा परस्पर संबंध जुळू दिला जात नाही. या पाच कारणांवरून न्यायालयाने म्हटलं की हे चालक स्वतंत्र धंदेवाईक नसून कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा लागू होते. कॅलिफोर्नियात गाडं उलट फिरलं. तिथे २०१९ मध्ये कायदा चालकांच्या बाजूने झाला. कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त खर्च करून नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांसमोर स्वतःचा प्रस्ताव ठेवला आणि तो जिंकलासुद्धा.

आपल्याकडे हाच प्रश्न स्पर्धा आयोगासमोर वेगळ्या वेषात आला होता. तक्रार अशी होती की हजारो चालक एकमेकांचे स्पर्धक आहेत, तरी सगळ्यांचा दर एकच संगणक ठरवतो, मग ही दर ठरवणारी टोळीच नव्हे का? आयोगाने २०१८ मध्ये ती फेटाळली. चालकांनी आपसांत दर ठरवल्याचं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. पण चालकांनी आपसांत दर ठरवला नाही आणि प्रवाशानेही नाही, म्हणजे तो ठरवणारा एकटा तिसराच उरतो, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

आता हिशेब. मोपाचा मनोहर विमानतळ ते पणजी साधारण ३५ किलोमीटर. खालचे दर उदाहरणापुरते धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. मूळ भाडं १,२०० रुपये. ॲपवरून घेतलेल्या फेरीवर ५ टक्के जीएसटी लागतो, तो कंपनीने वसूल करून भरायचा असतो. म्हणजे ६० रुपये वर, प्रवाशाच्या खिशातून १,२६० गेले. कंपनीचं कमिशन २० टक्के धरलं तर २४० वजा. चालकाच्या हातात ९६०.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, पाऊण तासाचे साडेनऊशे, वाईट काय? पण गाडी पणजीत सोडून देता येत नाही. ती परत मोपाला न्यायची. येताजाता ७० किलोमीटर, पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये धरला तर ४२०. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, क्लच यांची झीज दीड रुपया किलोमीटर, म्हणजे १०५. उरले ४३५. यात अजून कर्जाचा हप्ता आलेला नाही. हप्ता महिन्याला १४,००० आणि महिन्यात २६ दिवस काम, म्हणजे दिवसाचे ५४० च्या आसपास. विमा, पासिंग आणि परमिट मिळून वर्षाला ४४,००० धरले तर दिवसाला आणखी १४०. गाडी दारात उभी असली तरी दिवसाचे ६८० रुपये उभेच.

दिवसात अशा दोन फेऱ्या मिळाल्या आणि दोन्ही वेळा गाडी खाली, म्हणजे प्रवाशाविना, परतली: ४३५ च्या दुप्पट ८७०, त्यातून ६८० गेले, दिवसाची कमाई १९० रुपये. तिसरी फेरी मिळाली तर ६२५. आता त्याच दोन फेऱ्या, पण दोन्ही वेळा पणजीहून मोपाचं भाडं मिळालं. पेट्रोल आणि झीज तेवढीच, हातात येणारे पैसे दुप्पट. एका येण्याजाण्यात १,३९५ उरतात, दोनात २,७९०, हप्ता-विमा वजा जाता २,११०.

१९० आणि २,११० यांत कमिशनचा दर एकच आहे. फरक फक्त गाडी परतताना भरलेली की खाली, एवढ्याचा. कमिशन शून्य केलं तर खाली परतणाऱ्याची दिवसाची कमाई १९० वरून ६७० होते. परतीचं भाडं मिळालं तर १९० वरून २,११०. कमिशनवर मोर्चे निघतात, मथळे होतात, आणि ते गैर नाही. पण गोव्यासारख्या लांबट, विखुरलेल्या राज्यात खरं रक्त खाली किलोमीटरमध्ये सांडतं. काणकोणातल्या पाळोळेला विमानतळाचं भाडं मारून आलेल्या कुणालाही विचारा: मोपापासून शंभरच्या आसपास किलोमीटर जायचं, आणि रात्री अकरा वाजता काणकोणहून परत यायला कोण मिळणार?

म्हणून गोव्यातला टॅक्सीवाला एकमार्गी प्रवाशाला जो दर सांगतो, त्यात परतीचं पेट्रोल आधीच धरलेलं असतं. पर्यटकाला ती लूट वाटते, कारण त्याच्या डोक्यात बेंगळुरूचा किंवा पुण्याचा दर असतो. तिथे एक प्रवासी उतरवल्यावर दुसरा दोन किलोमीटरच्या आत मिळतो, त्यामुळे खाली धावणं कमी. आता हेही सांगायला हवं की परतीचा खर्च धरल्यावर जो दर होईल त्याच्या दीडपट-दुप्पट सांगणारेही आहेत, आणि मीटर चालू न करणं हा त्यांच्यासाठी सोयीचा मार्ग आहे. मीटरचा विषय गोव्यात उच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२१ पासून डिजिटल मीटर बसवायला सुरुवातही झाली. गाडीत मीटर असणं आणि तो पाडला जाणं यांतलं अंतर ज्याचं त्याने अनुभवलेलं आहे.

परतीचं भाडं मिळवून देणं हे खरं तर ॲपला सहज जमण्यासारखं काम. पणजीत उतरवून निघालेल्या चालकाला त्याच वेळी पर्वरीहून मोपाला निघालेला प्रवासी दाखवणं संगणकाला अवघड नाही. गोव्यात मात्र मध्ये स्टँड येतो. हॉटेलाबाहेरचा, किनाऱ्यावरचा, जेटीवरचा स्टँड हा त्या गावच्या टॅक्सीवाल्यांचा. नंबर लागतो, नंबराप्रमाणे भाडं मिळतं. बाहेरची गाडी तिथे प्रवासी सोडू शकते, उचलू गेली तर वाद होतो. स्टँडवाल्याच्या बाजूने बघितलं तर तो दिवसभर रांगेत उभा राहिलेला आहे, आणि कालपरवा मोबाईलवर नोंदणी केलेला माणूस त्याच्या दारातून गिऱ्हाईक नेतो. राग समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा की ॲपची गाडी कळंगुटहून खाली परतते, आणि कळंगुटची गाडी विमानतळावरून खाली परतते. एकाच रस्त्यावरून दोघं उलट दिशांनी रिकामे, आणि दोघांचं पेट्रोल शेवटी प्रवाशाच्या दरात.

गोवा माईल्स हे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या पाठिंब्याने २०१८ मध्ये सुरू झालेलं ॲप. ते बंद करावं म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये टॅक्सीवाले संपावर गेले. मे २०२५ मध्ये सरकारने ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, तेव्हाही टॅक्सी संघटना आणि आमदार, दोघांनी त्याला विरोध केला. प्रत्येक वेळी चर्चा 'ॲप हवं की नको' इथेच अडकते. दर कोण ठरवणार आणि खाली किलोमीटर कोणाच्या माथी, हे दोन प्रश्न टेबलावर येतच नाहीत.

केंद्राच्या नियमांत खाली धावण्याचा विचार आहे, पण शहरी डोक्याने. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ॲप कंपनीला प्रथमच व्याख्या मिळाली, नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, जुलै २०२५ मध्ये नवी. नव्या तत्त्वांनुसार मूळ भाडं किमान ३ किलोमीटरचं, म्हणजे चालक प्रवाशापर्यंत खाली येतो त्याची भरपाई त्यात व्हावी. दादरला हे पुरेल. मोपाहून पणजीला गेलेल्या गाडीचे परतीचे ३५ किलोमीटर या तीनमध्ये बसत नाहीत. तत्त्वं स्वीकारायची की नाही, त्यात काय बदल करायचे हे राज्याच्या हातात असतं. गोव्याने काही करायचंच ठरवलं तर हाताळण्यासारखं कलम हेच आहे.

दुसरा मोठा आक्षेप सर्जवर. मागणी वाढली की भाडं आपोआप चढतं. नाताळ ते नव्या वर्षाच्या आठवड्यात बागा-कळंगुटच्या रस्त्यावर एक गाडी आणि वीस माणसं असतील, तर दर चढवल्याने काही लोक चालत जातील, आणि घरी बसलेले काही चालक बाहेर पडतील. तर्क इथपर्यंत ठीक. गडबड तेव्हा होते जेव्हा मागणी का वाढली हे संगणकाला कळत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीतल्या एका कॅफेत बंदूकधाऱ्याने लोकांना ओलीस धरलं. लोक तो भाग सोडून पळत होते, आणि उबरचा दर चौपट झाला. ओरड झाल्यावर कंपनीने पैसे परत केले. भारतात २०२० च्या तत्त्वांत सर्जची मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट होती. २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. खालची मर्यादा दोन्हींत निम्म्या भाड्याची. निम्मं भाडं म्हणजे काय, ते वरच्या हिशेबात घालून पाहा: १,२०० च्या जागी ६००, कमिशन जाऊन ४८०, पेट्रोल आणि झीज ५२५. फेरी मारून चालक ४५ रुपयांनी तोट्यात, हप्ता अजून बाजूलाच.

'आधीच ठरलेलं भाडं' ही पद्धत वरवर प्रवाशाच्या सोयीची. गाडीत बसण्यापूर्वी आकडा दिसतो, घासाघीस नाही. पण त्यामुळे किलोमीटरचा दर दिसेनासा होतो. मीटरमध्ये दर आणि अंतर उघड असतं. इथे फक्त बेरीज दिसते. प्रवाशाने दिलेलं आणि चालकाला मिळालेलं यांचं प्रमाण प्रत्येक फेरीला वेगळं असू शकतं, आणि दोघं एकमेकांचे फोन शेजारी ठेवून बघेपर्यंत कोणालाच कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटीस काढली: एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडं आणि अँड्रॉईडवर दुसरं का? दोन्ही कंपन्यांनी असं करत असल्याचा इन्कार केला. बाहेरून हे सिद्ध करणं जवळपास अशक्य, कारण दोन फोन, दोन खाती, अर्ध्या मिनिटाचा फरक, एवढ्यानेसुद्धा भाडं बदलतं. टीका खरी इथे आहे, की तपासायला बाहेरच्याला काही मिळत नाही. मे २०२५ मध्ये त्याच प्राधिकरणाने उबरला 'आगाऊ टिप'वरून नोटीस दिली. गाडी लवकर हवी असेल तर आधीच टिप टाका, असं ॲप सुचवत होतं. आगाऊ घेतली ती टिप कसली, ती बोलीच.

चालकाच्या बाजूला इन्सेंटिव्हचं गणित आहे. कंपनी नव्या शहरात उतरते तेव्हा प्रवाशाला सूट देते आणि चालकाला फेऱ्यांच्या लक्ष्यावर बोनस. पैसा गुंतवणूकदारांचा, तोटा ठरवून सोसलेला. उबरला एकट्या २०१९ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरचा तोटा झाला. कामकाजातून वर्षाचा नफा पहिल्यांदा २०२३ मध्ये दिसला. या दिवसांत चालक बोनसच्या हिशेबाने कर्ज काढून गाडी घेतो. मग बोनस आटतो, हप्ता आटत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कमाईचे फुगवलेले आकडे दाखवून चालक भरती केल्याबद्दल २०१७ मध्ये उबरकडून २ कोटी डॉलर वसूल केले. नवी गाडी घेण्याआधी बोनस वगळून हिशेब करावा, आणि हप्ता पावसाळ्यातल्या महिन्यांच्या कमाईतून निघतो का ते बघावं. गोव्यात जून ते सप्टेंबर काय असतं ते कोणाला सांगायला नको.

हल्ली 'शून्य कमिशन'ची लाट आहे. बेंगळुरूत नम्म यात्री ॲपने ती आणली, नंतर मोठ्या कंपन्यांनीही रिक्षांसाठी तीच वाट धरली. चालकाने रोजचे ठरावीक पैसे भरायचे, भाडं पूर्ण त्याचं. भरपूर फेऱ्या मिळणाऱ्याला हे फार चांगलं. पण कमिशनमध्ये निदान एक गोष्ट होती, फेरी नाही तर कंपनीलाही काही नाही. ठरावीक शुल्कात कोसळत्या पावसात दिवसभर स्टँडवर बसलेल्या माणसाचेही पैसे कापले जातात. शिवाय प्रवाशाची तक्रार आली की 'आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो' हे सांगणं कंपनीला आणखी सोपं होतं.

केंद्राचे नियम कागदावर वाईट नाहीत. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के मिळावेत, ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा असावा, विनाकारण फेरी रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के दंड, पण १०० रुपयांच्या वर नाही. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची आहे. अडतं ते तपासणीपाशी. ८० टक्के दिले की नाही हे बघायला प्रत्येक फेरीची नोंद लागते, आणि ती नोंद कंपनीच्याच सर्व्हरवर. वाहतूक खात्याचा माणूस ॲप उघडून बघेल म्हणावं, तर २०१७ मध्ये उघड झालेलं ग्रेबॉल प्रकरण आठवावं. अधिकाऱ्यांचे फोन ओळखून उबर त्यांना नकाशावर खोट्या गाड्या दाखवत असे, म्हणजे त्यांची फेरी कधी लागतच नसे. परवाना देताना फेऱ्यांची कच्ची नोंद खात्याकडे थेट येईल ही अट नसेल, तर बाकीची कलमं शोभेची.

तोवर हातात काय आहे? प्रवाशाने बुक करतानाच भाड्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, पार्किंग आणि टोल त्यात धरलेत का ते बघावं, गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी आहेत याची खात्री करूनच ओटीपी सांगावा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी, ती टॅक्सी नव्हे. चालकाने 'रद्द करा, रोख द्या, तेवढ्यातच नेतो' म्हटलं तर त्या क्षणापासून ॲपवरची नोंद, ठिकाण आणि विमा सगळं सुटतं, हे लक्षात ठेवावं. पैसे जास्त कापले गेले तर आधी ॲपमधल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावं. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण व्हायला हवं. न झाल्यास ग्राहक हेल्पलाईन १९१५. ओलाच्या बाबतीत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आदेश दिला की परतावा कूपनमध्येच घ्या अशी सक्ती नको, बँक खात्यातही मिळाला पाहिजे, आणि प्रत्येक फेरीचं बिल दिलं पाहिजे.

चालकाने एक वही ठेवावी, तीत चार रकाने: भरलेले किलोमीटर, खाली किलोमीटर, प्रवाशाने दिलेले, हातात आलेले. तिसरा रकाना भरायला उतरताना प्रवाशालाच विचारावं लागतं, बहुतेक जण फोन दाखवतात. आठवड्याचं स्टेटमेंट आणि दरपत्रक सेव्ह करून ठेवावं, कारण आयडी बंद झाला की ॲपमधलं काहीच उघडत नाही. खात्याकडे किंवा कोर्टात जायची वेळ आली तर पुरावा म्हणून हीच वही उरते. महिनाभराच्या नोंदीत खाली किलोमीटर भरलेल्यांच्या बरोबरीचे निघाले, तर किलोमीटरचा जो दर ॲप दाखवतं तो निम्मा करून वाचायचा.